प्रलंबित

जतच्या बांधकाम खात्याच्या आवारात
डांबराच्या रिकाम्या पिंपांमागं ती उभी आहे.
म्हणजे माझ्या नोंदवहीत ती उभी नाहीच :
‘ग्रेडर, ओढीचा, विलायती, नग एक. निर्लेखित.’
अक्षर माझंच. शाई निळी, कारण काळी संपली होती.
वहीत तो, आमच्या बोलण्यात ती.

तिला इंजीन नाही. कधीच नव्हतं.
आधी चार बैलजोड्या, मग रोलर, मग ट्रॅक्टर,
कुणीतरी ओढायचं,
आणि मागच्या फळीवर एक माणूस
दोन हातांत दोन चाकं धरून उभा.
डावं फिरवलं की पातं डावीकडं मुरमात उतरायचं,
उजवं फिरवलं की उजवीकडं.
गावं म्हणायची, सरकारी कुळव आला.
तशीच दिंड, तशीच पास,
फक्त पेरायला काही नाही.
मागं रस्ता राहायचा, मधे फुगलेला, कडेला उतरता,
तव्यावरून आत्ताच उचललेल्या भाकरीसारखा.

सिद्राया हिरगोंड, तिचा शेवटचा माणूस.
रिटायर होऊन सात वर्षं झाली,
तरी बाजारच्या दिवशी येतो.
पिशवीत मेथी, मेथीखाली जळक्या ऑइलची बाटली.
चिंधीनं दात पुसतो, पुसताना मोजतो.
डावीकडचे अठ्ठावीस, उजवीकडचे सत्तावीस.
एक उमदीच्या रस्त्याला पडला, मोरीजवळ.
जागा दावू का, म्हणतो.
तिथं आता काँक्रीट झालंय, मी म्हणतो.
झालं असंल, दात खालीच हाय की.

बाहत्तरला हिला ताडपत्रीखाली झाकली होती.
हुकूम होता, यंत्र लावायचं नाही.
ही दिवसात जेवढं सपाट करायची
तेवढ्यावर दीडशे बायांची पंधरवड्याची हजेरी भरायची.
सिद्रायाची आई गंगव्वा
हिच्यासमोरच बसून खडी फोडायची,
तो बारा वर्षांचा, घागर घेऊन रांगेतून फिरायचा.
ताडपत्री वाऱ्यानं उडाली की आई दगड ठेवायला लावायची.
मलगली बिडु, म्हणायची,
झोपू दे तिला.
त्या घरात हिचं नाव अजून निघतं ते त्या झोपेसाठी.

लिलावात भाव किलोवर लागला.
मिरजेचे इलाही तांबोळी ट्रक आणि गॅसकटर घेऊन आले,
मागच्या चाकाला दोर लावला, आणि थांबले.
आऱ्यांमधून कडुलिंब उगवला होता,
चांगला मांडीएवढा.
खोडानं दोन आरे गिळलेले,
साल कुठं संपते आणि लोखंड कुठं सुरू होतं, कळत नव्हतं.

तोडा, साहेब म्हणाले.
मी फाईल काढली.
लिलाव लोखंडाचा झालाय साहेब, झाडाचा नाही.
झाडाला वेगळा अर्ज, वेगळा पंचनामा, वेगळा शिक्का.
तेहतीस वर्षं या वाक्यानं मी माणसं रडवली,
त्या दिवशी ते पहिल्यांदा तोंडात गोड लागलं.
तांबोळी समजले. अनामत परत घेतली,
लिंबाखालीच चहा घेतला,
जाताना हातचाकावरून तळवा फिरवून म्हणाले,
असलं ओतीव आता येत नाही.

अर्ज मीच लिहिला, मीच आवक केला,
गठ्ठ्यात मीच बांधला.
जूनमध्ये मी सुटतो.
नव्या कारकून व्हनमाने बाईंनी परवा तो गठ्ठा सोडला,
वाचला, माझ्याकडं बघितलं,
आणि पुन्हा बांधला. कपाटात ठेवताना
वर जुनी हजेरीपत्रकं ठेवली.

काल उजवं चाक फिरलं.
पाव फेरा, जास्त नाही.
पातं बोटभर उचललं
तर खाली गवत होतं, पांढरं, दोऱ्यासारखं,
ऊन न बघितलेलं.
सिद्राया वाकून बघत राहिला.
मग एक एक दात मोजत
त्यानं ते सावकाश परत खाली ठेवलं.